प्रार्थना झाल्यावर निर्णय कोणाचा?

सोलापुरात देवाला भेटायचं म्हटलं तर जागेची वाण नाही. सिद्धेश्वराचं तळं आहे, पद्मशाली समाजाचं मार्कंडेय मंदिर आहे, मठ आहेत, दर्गे आहेत, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची चर्चं आहेत. पंढरपूर नाहीतर अक्कलकोट गाठून जेवायला घरी परत येता येतं. अडचण होते ती ज्याची पोथी सुटली, उपासतापास सुटले, पण आपण कशासाठी जगतोय हा प्रश्न काही सुटला नाही, अशा माणसाची.

अशी माणसं या शहरात वाटतं त्याहून बरीच आहेत. निवृत्त प्राध्यापक, बँकेतले लोक, गिरण्या बंद पडल्यावर दुसऱ्या धंद्यात शिरलेले जुने युनियनवाले, परिचारिका, वकील. मुलं पुण्यात, आईवडील इथं. मूर्तीपुढे हात जोडायला मन घेत नाही आणि न जोडता राहिलं की संध्याकाळी घर खायला उठतं. जात मानत नाहीत, दंगलीच्या बातमीने अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता मोबाइलवर पुढे ढकलून झोपी जातात. भाविकांना दिंडी असते, गड्ड्याची यात्रा असते, भजनी मंडळ असतं. विचाराने मोकळ्या झालेल्या माणसाला मात्र आपलं म्हणावं असं माणसांचं कोंडाळं नसतं.

म्हणून आम्ही काही जण रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. थोडा वेळ शांत बसायचं, एखादं वचन किंवा अभंग, कधी कबीर, कुणी एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि चहा. मूर्ती नसते, पण येताना कुणी कपाळाला गंध लावलं तर कुणाची हरकतही नसते. नवा माणूस पहिल्यांदा ‘बुवा कोण?’ असं विचारतो. बुवा नाहीत म्हटलं की निम्मे पुन्हा फिरकत नाहीत. (ज्यांना बुवा नकोत त्यांना जमायलाही नको असतं, हा सोलापुरी सुधारकांचा जुना आजार.)

अशा मंडळीने न्यायाच्या प्रश्नात पडावं का, आणि पडायचं तर कसं? माझं म्हणणं असं आहे की उदारमतवादी उपासनेची गाडी करुणेपाशी कधीच अडत नाही. कळवळा आपल्याकडे भरपूर असतो. ती अडते निर्णय दुसऱ्याच्या हाती देण्यापाशी, आणि तिथे ती पुन्हा पुन्हा अडलेली आहे.

आमच्याकडचंच सांगतो. मंडळाकडे थोडे पैसे जमले होते. विडी कामगार बायकांच्या मुलांना वह्या-दप्तरं द्यायची असं ठरलं. वाटपाच्या दिवशी कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “वह्या मिळतात हो सर, कुणी ना कुणी देतंच. माझ्या फंडाच्या कागदावर नाव एक आणि आधारवर एक आहे. पैसे अडकलेत. तिथं बरोबर येता का कुणी?” पुढच्या रविवारी यावर मोठा वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला आपण युनियन नाही, आपण आत्मचिंतनासाठी जमतो. दुसरे म्हणाले, आत्मचिंतनच करायचं तर वह्या तरी कशाला वाटल्या? दोघंही तशी सरळ माणसं. पण त्या बाईंनाच रविवारी बोलावून विचारावं हे बराच वेळ कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही त्यांच्याबद्दल बोलत होतो आणि त्या तिथे नव्हत्या.

हे आमच्या मंडळाचं वैशिष्ट्य नाही, या परंपरेचाच तो दुखरा सांधा आहे. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. सभासद जातिभेद मोडायला एकत्र जेवत, पण गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. त्यांच्यापैकी काही आणि पुढची पिढी १८६७ मध्ये उघडपणे प्रार्थना समाज घेऊन उभी राहिली. आत्माराम पांडुरंग, रानडे, भांडारकर, नंतर चंदावरकर. मूर्तीशिवाय, पुरोहिताशिवाय उपासना आणि तोंडी तुकोबांचे अभंग. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ साली समाजाच्या मंडळींनी अनाथ बालकाश्रम काढला. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी तिथे न्यायाधीश होते, त्यांनी पुढाकार घेतला. यात्रेच्या गावात विधवांची टाकलेली मुलं कोण सांभाळणार हा प्रश्न विठोबाच्या कारभाऱ्यांना पडला नाही, निराकार देव मानणाऱ्यांना पडला. मला या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो. प्रार्थना समाज म्हणजे इंग्रजी शिकलेल्यांची रविवारची करमणूक, अशी टिंगल करणाऱ्यांनी त्या आश्रमात एकदा जाऊन यावं.

पण टिंगलीत तथ्यही होतं. समाजाने सभासदांकडे जात सोडण्याची अट ठेवली नाही. उपासनेला यावं, सुंदर विचार ऐकावेत, घरी जाऊन घरच्या रीतीने लग्नमुंज करावी. याच सुमारास, १८७३ मध्ये, जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्यांचाही देव एकच, निर्मिक. त्यांनाही मध्यस्थ नको. पण तिथे बोलणारे कुणबी, माळी, तेली होते आणि भाषा त्यांची होती. एकाच शतकात, एकाच मुलखात, जवळजवळ सारख्या श्रद्धेची दोन मंडळं निघाली आणि एकमेकांच्या शेजारून निघून गेली. देवाबद्दल त्यांचं फारसं भांडण नव्हतंच. मंडळ कोणाचं, हा फरक होता.

विठ्ठल रामजी शिंद्यांनी हा फरक जाणला. जमखंडीचा हा मराठा तरुण युनिटेरियन, म्हणजे देव एकच मानणाऱ्या उदार ख्रिस्ती परंपरेतल्या, लोकांच्या मदतीने १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकला. म्हणजे पश्चिमेच्या उदार धर्मपरंपरेचं सगळ्यात चांगलं जे काही होतं ते घेऊन आला. परत येऊन प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला आणि १९०६ च्या ऑक्टोबरात डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, बहीण जनाबाई कामात उतरल्या, सगळं घर अस्पृश्य वस्तीच्या कामाला जुंपलं गेलं. प्रार्थनेतून न्यायाकडे जाणारी वाट मराठीत कुणी स्वतःच्या अंगावर काढून दाखवली असेल तर शिंद्यांनी. चारच वर्षांत, १९१० मध्ये, प्रार्थना समाजाशी त्यांचा प्रचारकपदाचा संबंध संपला. समाजाला इतकी लांब वाट चालायची नव्हती.

आणि तरीही पुढचा अडसर खुद्द शिंद्यांच्या मिशनपुढे आलाच. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला तेव्हा तरुण आंबेडकरांनी मागणी केली की आमचे प्रतिनिधी आम्ही निवडू. मिशनला हे मान्य नव्हतं. शिंद्यांच्या हेतूत खोट होती असं मला अजिबात वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्य त्या कामात घातलं त्यालाही ‘तुम्ही बाजूला बसा, आम्ही बोलतो’ हे ऐकणं जड गेलं. मग तुमच्या-माझ्यासारख्या, महिन्याला काही शे रुपये पेटीत टाकणाऱ्याला किती जड जाईल?

हा काही मराठी स्वभावाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. शिंद्यांना ज्यांनी शिकवलं त्या युनिटेरियन परंपरेच्या अमेरिकेतल्या शाखेचं बघा. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा इथे कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा लढा पेटला, मार्टिन ल्यूथर किंगनी धर्मोपदेशकांना हाक दिली आणि बॉस्टनहून जेम्स रीब हा गोरा युनिटेरियन धर्मोपदेशक तिथे गेला. रस्त्यावर त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. केवढी किंमत मोजली. पण १९६९ साली बॉस्टनच्या अधिवेशनात, निधी आणि कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार कृष्णवर्णीय सभासदांच्या मंडळाला द्यायचा की नाही यावरून सभागृह दुभंगलं आणि अनेक जण उठून बाहेर गेले. दुसऱ्यासाठी मरायला तयार असलेली परंपरा दुसऱ्याच्या हाती तिजोरी द्यायला तयार होईना. मला यात ढोंग दिसत नाही, माणूस दिसतो. प्राण देणं हा आपला निर्णय असतो. अधिकार देणं म्हणजे यापुढे निर्णय आपला नाही हे मान्य करणं.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर पंढरपूर आहेच. मंगळवेढ्याचा चोखोबा जिवंतपणी देवळात गेला नाही. त्याची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडलं. शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो. पण बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा आणि त्यावरचा कज्जा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला २०१४ च्या जानेवारीत. त्यानंतर कुठे मंदिर समितीने सर्व जातींच्या आणि बायकांच्याही अर्जांना वाट करून दिली. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्यापासून पूजेच्या कारभारात शिरण्यापर्यंत सदुसष्ट वर्षं गेली. पहिल्या प्रसंगाला सगळा महाराष्ट्र रडला. दुसऱ्याची बातमी किती जणांच्या लक्षात आहे?

आता कुणी म्हणेल, तुमच्या रविवारच्या चार खुर्च्यांच्या मंडळाला हे केवढे दाखले! पण या शहराने असलं मोठं बोलण्याचा हक्क मिळवलेला आहे. सिद्धरामाचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराचं, गाव आहे हे. बाराव्या शतकात इथे बसून तो तळं खोदत होता, गोरगरिबांना पोसत होता. कल्याणहून, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणहून, अल्लमप्रभू हे शरण संत आले आणि, शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात सांगितल्याप्रमाणे, त्यांनी या थोर समाजसेवकाची ‘कुठे आहे तो तुमचा वडार?’ अशी खिल्ली उडवली. तळ्यावरच्या मजुरांनी चिडून अल्लमप्रभूंवर दगड फेकले, असं कथेत आहे. ही कथा बहुधा कर्मापेक्षा ज्ञान श्रेष्ठ अशी सांगतात. मला तशी पटत नाही. सिद्धराम कल्याणला गेला खरा, पण तळं बुजवलं गेलं नाही. अल्लमप्रभूंचा टोला कामावर नव्हता, काम करताना मनात साठत जाणाऱ्या ‘मी करतोय’वर होता, असं मी समजतो. समाजकार्य करणाऱ्या कुणालाही तो टोला बसावा. देवालाच काय, गरिबालाही आपल्या नावाची पाटी लावायची आपल्याला सवय असते.

आणि कल्याणच्या अनुभव मंटपातली, म्हणजे बसवण्णांच्या शरणांच्या चर्चासभेतली, खरी क्रांती मला तिथल्या तत्त्वज्ञानात कमी आणि बसण्याच्या व्यवस्थेत जास्त दिसते. बसवण्णा बिज्जळ राजाचे मंत्री. सत्ता, पैसा, प्रतिष्ठा त्यांच्याकडे. तरी मंटपाच्या शून्य सिंहासनावर, म्हणजे अध्यक्षाच्या जागी, बसले अल्लमप्रभू, मृदंग वाजवणाऱ्या घरातले. सभेत चांभार हरळय्या होते, अक्कमहादेवी होती, आणि आयदक्की लक्कम्मा होती. ती आणि तिचा नवरा सांडलेले तांदूळ वेचून दासोह, म्हणजे अन्नदान, करत. एकदा नवऱ्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा ‘ही हाव कुठून आली, परत टाकून या’ असं तिने त्याला बजावलं. दानातही हाव असते हे ओळखणारी बाई चर्चेला बसली होती म्हणून ते वाक्य आपल्याला मिळालं. तिच्यासाठी तांदळाची पोती पाठवून दिली असती तर मिळालं नसतं.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला ऐकू येतात. पुरोगामी मित्र विचारतात, न्यायच हवा ना, मग संघटना करा, प्रार्थना कशाला? कुंभारीत दहा हजार विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था काढून, लाल झेंड्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून २००६ मध्ये घरं मिळवली, गोदुताई परुळेकरांचं नाव वसाहतीला दिलं. तिथे कुठे कुणी ध्यानाला बसलं होतं? खरं आहे. त्या घरांपुढे आमचं मंडळ काहीच नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावर म्हणायला तयार आहे. पण मागणी पूर्ण झाल्यावर, किंवा मागणी हरल्यावर, माणसं पुन्हा एकमेकांकडे का येतील? नवरा गेला, मुलगी परत माहेरी आली, हातांना विड्या वळवेनात, तेव्हा मोर्चा नसतो. सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा युनियनच्या कचेऱ्यांबरोबर माणसांचं रोजचं एकत्र बसणंही संपलं. किती घरांत नंतर नुसतं दारू आणि मौन शिरलं हे जुन्या चाळींतले लोक सांगतील. न्यायाच्या लढ्याला दम टिकवायला, आणि लढा नसेल तेव्हा एकमेकांना धरून राहायला, आठवड्याची एक ठरलेली बैठक लागते. तीत गप्प बसायला, गायला, मेलेल्यांची नावं घ्यायला जागा लागते. हुतात्मा चौकातल्या चौघांची नावं आपण १२ जानेवारीला घेतो. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली येरवड्यात ते एकत्र फासावर गेले. त्यांच्याच शहरात आज भाड्याने घर मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात. वर्षातून एकदा घातलेल्या हाराने हे बदलणार नाही. दर आठवड्याला कुर्बान आणि जगन्नाथ एका सतरंजीवर बसत राहिले तर थोडंफार बदलेल, आणि ती सतरंजी अंथरायचं काम ना पक्ष करतोय ना मठ.

माझ्या भूमिकेवरचा खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. निर्णय त्यांच्या हाती दिला आणि त्यांना तुमचा उदारमतवाद नको असला तर? उद्या त्या बायका म्हणाल्या की पेटीतले पैसे आषाढात पोचम्मा देवीच्या नैवेद्याला द्या, तर मूर्ती न मानणारं मंडळ काय करणार? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. आम्ही आमचं म्हणणं मांडू, वाद घालू, मत घेऊ, आणि हरलो तर नैवेद्य जाईल. कधीकधी हरण्याची तयारी नसेल तर त्यांना बैठकीत बोलावण्याला अर्थ नाही, मग वह्या वाटणंच प्रामाणिक. शिवाय हे भय बरंच वाढवलेलं असतं. त्या बाईंनी देवीसाठी काही मागितलं नव्हतं. त्यांनी कागदावरचं नाव दुरुस्त करून मागितलं होतं, म्हणजे जे त्यांचंच होतं ते. देवाधर्माच्या काळजीत आपणच जास्त असतो.

‘हे सगळं राजकारण आहे, अध्यात्म नाही’ म्हणणाऱ्यांशी मी फार वेळ घालवणार नाही. बाराव्या शतकातल्या शरणांना कल्याणमधून पांगावं लागलं ते ध्यान केल्याबद्दल नव्हे. चांभार हरळय्यांच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीचं लग्न लावलं म्हणून.

सध्या आमच्यात जुंपली आहे ती बैठकीच्या वेळेवरून. रविवारी सकाळी नऊ ही निवृत्तांची वेळ आहे. उजनी धरण भरलेलं असलं तरी इथे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या वस्तीत रविवारी पाण्याचा दिवस असेल तिथली एकही बाई नऊ वाजता येऊ शकत नाही. फंडाच्या कामासाठी आमच्यातले दोघं जाऊ लागल्यापासून तिकडच्या तिघी-चौघी बैठकीला येतात. त्यांचं म्हणणं आहे की बैठक संध्याकाळी ठेवा, वस्तीतच ठेवा आणि बोलणं अर्धं तेलुगूत होऊ द्या. आमच्यातल्या काहींनी सांगून टाकलंय की इतक्या लांब, अंधारात, न कळणाऱ्या भाषेत उपासना आम्हाला जमणार नाही. त्यातले दोघे तर मंडळ सुरू करणारेच आहेत. मी संध्याकाळच्या बाजूने मत देणार आहे, आणि पेटीची एक किल्ली विडी घरकुलात राहावी असा ठरावही त्याच बैठकीत मांडणार आहे. मतं मोजली तर आज तो पडेल असं दिसतंय. पडला तर पुढच्या महिन्यात पुन्हा मांडीन.